दाढेचा कालवा

चार रात्री घरभर फेऱ्या मारायला लावणारी दाढ पाचव्या दिवशी एकाएकी गप्प बसली, तर वाचकहो, लगेच देवापुढे साखर ठेवू नका. ठणका थांबला याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की दाढेच्या आतली नस मेली. मेलेली नस बोंब कशी मारणार?

कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या मामांनी या शांततेचे श्रेय लवंगेच्या तेलाला दिले होते. लवंगेने दुखणे बधिर होते हे खरे, पण आत खोल शिरलेले जंतू तिला दाद देत नाहीत. आठ-दहा दिवसांत गाल टम्म सुजला, तेव्हा मुलाने त्यांना बारामतीला दंतवैद्याकडे नेले. गोळ्यांनी सूज उतरली. मामा म्हणाले, "झालं की! आता दाढ कशाला उकरायची?"

"आबा, औषध रक्तातून जातं," दंतवैद्य म्हणाले. "मेलेल्या नसेत रक्तच येत नाही. जंतू तिथं बिऱ्हाड करून बसलेत. मुळाच्या टोकातून पुन्हा हाडात उतरतील."

यावर उपाय रूट कॅनॉल. 'कॅनॉल' म्हणताच मामा सावरून बसले. नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवण्यात जन्म गेलेला माणूस! वरच्या मोठ्या दाढेला बहुधा तीन मुळे आणि त्यांत तीन-चार कालवे. एखादी बारीक चारी नजरेतून सुटली, तर सारी मेहनत वाया जायची. जागा बधिर करून दाढेला वरून भोक पाडायचे, सुईसारख्या बारीक कानशींनी आतला सडका गाळ काढायचा आणि जंतुनाशक द्रावणाने पुनःपुन्हा धुवायचे. इथवर मामांना सारे पटले.

"आन् पाणी कवा सोडायचं?"

कधीच नाही! हा कालवा कोरडा करून बुजवायचा असतो. त्यासाठी वापरतात गटापर्चा, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. 1870 साली समुद्रातून मुंबईपर्यंत आलेल्या तारेवर पाण्यापासून बचावाला हेच वेष्टन होते. दाढेतही त्याचे काम तेच, बाहेरचे आत शिरू न देणे.

"मग दाढ तगती कशावर?" मामांचा हा प्रश्न मला फार आवडला. मुळाभोवतीचे तंतू आणि हाड यांना रक्ताचा पुरवठा स्वतंत्र असतो. कालवा बंद पडला तरी विहिरीच्या ओलीवर बांधावरचे झाड उभे राहते, तसेच हे.

मामींचे मत सरळ होते: उपटून टाका. दाढ मुळापर्यंत चिरली असेल, तर तेच करावे लागते. एरवी खिंडार पडले, की शेजारचे दात तिकडे कलू लागतात. मात्र पोखरलेली दाढ ठिसूळ होते, म्हणून वर कॅप हवी. तोवर त्या बाजूने ऊस खायचा नाही, हे मामांना दोनदा सांगावे लागले.

मामांची सूज गालावरच थांबली. ती हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेनासे झाले, गिळताना किंवा श्वास घेताना अडू लागले, तर दंतवैद्याकडची वेळ मागत बसू नये. त्याच रात्री मोठे इस्पितळ गाठावे.