मिस्ड कॉल, फॉरवर्ड आणि तळेगावचे सतीश शेट्टी: आंदोलनाचा मेसेज पोचतो म्हणजे काय होतं?

२०११ साली भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. बस, झालं काम. मी तेव्हा तळेगावात शाळेत होतो आणि घरातल्या प्रत्येक फोनवरून तो दिला होता. तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील, म्हणून थोडं मागे जाऊ. कारण आज एखादी संघटना 'आमचे सोशल मीडिया स्वयंसेवक व्हा' म्हणते, तेव्हा तिच्या डोक्यात बहुतेक वेळा तेच मॉडेल असतं.

आधी तो मिस्ड कॉल समजून घ्या. ५ एप्रिल २०११ ला अण्णा हजारे जनलोकपालसाठी जंतरमंतरवर उपोषणाला बसले. तेव्हा बहुतेकांकडे साधे कीपॅडवाले फोन होते. तुम्ही कॉल लावला की उचलण्याआधीच समोरच्याला तुमचा नंबर दिसतो ना? तिथे माणसाऐवजी सर्व्हर होता. तो नंबर नोंदवून घ्यायचा आणि कॉल कापायचा. तुमचा एक पैसाही जात नाही, आणि त्यांच्याकडे तुमचा नंबर जमा. मग पुढच्या मोर्चाचा एसएमएस त्याच नंबरवर.

डोकं लावून केलेली गोष्ट होती, यात वाद नाही. पण इंजिनिअर म्हणून बघितलं तर तो एक काउंटर होता. प्रत्येक कॉलला प्लस वन. जनलोकपालच्या मसुद्यात काय लिहिलंय, हे त्या प्लस वनला माहीत असायची काहीच गरज नव्हती. दुसरी गोष्ट त्या यादीची. २०१२ मध्ये आंदोलन दुभंगलं, २६ नोव्हेंबरला आम आदमी पार्टी सुरू झाली, अण्णा पक्षाबाहेर राहिले. आपण नंबर दिला होता आंदोलनाला. मग ती यादी आता कोणाची? मिस्ड कॉलमध्ये हे विचारायची सोयच नसते.

आता त्याच ऑगस्टमधलं मावळ बघा. १६ ऑगस्टला दिल्लीत अण्णांना अटक झाली आणि देशभर फोन वाजायला लागले. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ९ ऑगस्टला, एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ पवना धरणाच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला. राज्याने ते पाहिलं ते मुख्यतः न्यूज चॅनेलच्या कॅमेऱ्यांमुळे. तेव्हा आंदोलकांच्या खिशात व्हिडिओ काढून लगेच पाठवता येईल असे फोन किती असणार?

त्याच्याही आधी, १३ जानेवारी २०१० ला, तळेगाव दाभाडेत सकाळी फिरायला निघालेले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. एक्स्प्रेस वेच्या आसपासच्या जमीन व्यवहारांतले घोटाळे ते बाहेर काढत होते. पोलीस संरक्षणही मागितलं होतं. तपास पुढे सीबीआयकडे गेला, २०१४ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल आला, मग तपास पुन्हा उघडला गेला. शेट्टींकडे फॉलोअर्स नव्हते, होते ते कागद: सातबारा, फेरफार, खरेदीखतं. कागद एकाच माणसाच्या पिशवीत असले की धोकाही त्या एकाच्याच वाट्याला येतो. तेच कागद त्या दिवशी तीनशे फोनमध्ये असते तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण एकाला गप्प केलं की विषय संपतो, हे गणित तरी बिघडलं असतं.

म्हणून स्वयंसेवकांची फौज मला वाढत्या काउंटरपेक्षा बॅकअप म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. सर्व्हरच्या भाषेत रेप्लिकेशन म्हणा. एकच माहिती अनेक ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी पडताळून बघता येण्यासारखी.

गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची रचनाही आता थोडी याच बाजूने झुकली आहे. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून धुळ्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणली. २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज, तो दोन बाणवाला, एका वेळी एकाच चॅटला जातो. हा मोजणारा आकडा मेसेजसोबतच प्रवास करतो. त्यामुळे वरून आलेलं तयार पोस्टर जितकं फिरेल तितकं मंद होत जातं. पण तुम्ही स्वतः काढलेला रस्त्याचा फोटो, स्वतः लिहिलेल्या चार ओळी नव्याने सुरू होतात. ब्रॉडकास्ट लिस्टचंही तसंच. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे अ‍ॅपला ओळख हवी आहे.

ट्रेंडचं वेगळं. 'आज संध्याकाळी ७ वाजता सगळ्यांनी हे ट्विट टाका' असा मेसेज येतो, कारण ट्रेंडमध्ये एकूण संख्येपेक्षा अचानक आलेली उसळी जास्त धरली जाते. तासाभरात ती ओसरते. शंभर जणांचं शब्दशः तेच वाक्य एक्सच्या नियमांनुसार स्पॅम ठरू शकतं, ते वेगळंच.

काम करणारे मेसेज कसे असतात? जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगेंची पदयात्रा लोणावळ्यावरून वाशीकडे गेली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो. एवढी माणसं रस्त्यावर असताना मुक्काम कुठे, पाणी कुठे, गाड्या कुठे वळवायच्या, असलेच मेसेज खरे कामाचे. त्यांना कुणी ट्रेंड म्हणणार नाही.

लोणावळ्यात किंवा मावळातल्या एखाद्या गावात तुम्ही अशा ग्रुपमध्ये असाल, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत ऑनलाइन होतो आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. एकाच विषयाचे वेगवेगळे प्रश्न चार-पाच जणांनी वाटून घ्या, म्हणजे एकाच नावावर सगळं येत नाही. उत्तर आलं की पूर्ण पीडीएफ ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको, कारण त्यात जावक क्रमांक आणि तारीख कापली जाते आणि मग खरं-खोटं कुणालाच तपासता येत नाही. जमिनीचा विषय असेल तर गट नंबर द्या, म्हणजे वाचणारा स्वतः महाभूलेखवर सातबारा उघडून बघेल. आणि ग्रुपवर टाकण्याआधी अर्जदाराचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर झाका. मोबाइलच्या मार्कअपमधला हायलायटर काळा करून फिरवू नका, ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं दिसतात. पूर्ण भरलेला काळा चौकोन टाका, मग त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोच शेअर करा. मूळ पीडीएफ दोन-तीन विश्वासातल्या माणसांकडे राहू द्या, वेगवेगळ्या घरांत.