‘वैमानिकाची चूक’ म्हणायला आपल्या बापाचं काय जातं?

विमान पडलं की दोन तासांत आपल्याकडं निकाल तयार. वैमानिकाची चूक! डेस्कवर असताना मीही असली हेडिंगं लावलीत, त्यामुळं आधी स्वतःचाच कान धरतो.

परवा पोराला घेऊन गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो होतो. तिथं सी हॅरियर उभं आहे. नौदलाकडं १९८३ ला आलं, २०१६ ला निवृत्त झालं. त्याच्या काचेपुढं एक बारकं पातं आहे. पोरगं म्हणालं, "बाबा, हे कशाला?"

मंडळी, सगळी गोष्ट त्या पात्यात आहे. हे विमान हवेत जागच्या जागी थांबतं तेव्हा पंखांवरून वारा वाहत नाही, म्हणजे नेहमीची वळवायची पाती बिनकामाची. मग इंजिनातलीच हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून फुंकून तोल सांभाळायचा. उजव्या हातात एक दांडी. डाव्या हाताला दोन दांडे, एक इंजिनाच्या जोराचा, दुसरा झोताच्या दिशेचा. घाईत भलताच ओढला की संपलं. त्यात नाक वाऱ्यापासून बाजूला वळलं तर विमान कलंडतं, म्हणून ते पातं. खाली हलणारं जहाज, टाकीत संपत आलेलं इंधन, आणि यानं पात्याकडंही बघायचं!

अमेरिकेत 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं याच जातीच्या विमानाची कुंडली मांडली. ४५ वैमानिकांच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलेलं. २००३ चा पुलित्झर मिळाला त्या बातमीदारीला. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस अडाणी होते काय?

कुणी म्हणेल, फॉकलंडच्या लढाईत हवाई झुंजीत एकही सी हॅरियर पडलं नाही. खरंय. पण ती झुंज झाली, मी उतरण्याबद्दल बोलतोय. साठच्या दशकात दुसरा इलाजही नव्हता, हेही मान्य. पुढं ब्रिटिशांनीच एका जुन्या हॅरियरमध्ये कॉम्प्युटर बसवून वर्षानुवर्षं प्रयोग केले. २००५ ला ते 'इन्व्हिन्सिबल' नौकेवर आपोआप उतरलं. आजच्या एफ-३५बी मध्ये तो तिसरा दांडा नाहीच. तरंगताना उजवा हात वर-खाली, डावा पुढं-मागं. दोन्ही हात सोडले तरी विमान जागेवर थांबतं.

म्हणजे माणूस तोच, दांडे बदलले. मग आधीच्यांच्या चुका नेमक्या कुणाच्या खात्यावर मांडायच्या?

पुढची अपघाताची बातमी माझ्याकडं आली तर हेडिंग 'चौकशी सुरू' एवढंच जाईल. वरून फोन आला तरी.