गाय बहीण, कोंबडा भाऊ

बहीणभावाच्या प्रेमाचे गोडवे गायला आपल्याकडे वर्षातून दोन सण आहेत. आणि ‘भाऊबंदकी’ हा शब्दही आपलाच आहे. या दोन टोकांच्या मध्ये ते नाते रोजच्या रोज कसे नांदते, हे मला आपल्या कौटुंबिक मालिकांपेक्षा एका अचाट अमेरिकी कार्टूनमध्ये अधिक खरेपणाने दिसले. वाचकांनी हसू नये. चौतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस आहे मी; उगाच कोणाला पत देत नाही.

‘काऊ अँड चिकन’ हे त्या कार्टूनचे नाव. डेव्हिड फाइस या चित्रकाराच्या डोक्यातून ते निघाले. १९९५ साली त्याचा एक नमुनाभाग दाखवला गेला आणि १९९७ ते १९९९ या काळात कार्टून नेटवर्कवर मालिका चालली. आपल्याकडे ती वाहिनी १९९५ सालीच आलेली होती, त्यामुळे आमच्या घरात शाळकरी मुलांबरोबर मीही ती पाहू लागलो.

आईबाप माणसे, थोरला मुलगा कोंबडा आणि धाकटी मुलगी गाय. हे कसे झाले, असे त्या घरात कोणी विचारत नाही. कोंबडा अकरा वर्षांचा, किडकिडीत आणि तिरसट. गाय सात वर्षांची, अवाढव्य, भोळी, बाहुल्यांत रमणारी. एवढी मोठी गाय त्या वीतभर कोंबड्याला ‘दादा’ म्हणून हाक मारते, यातच अर्धी गंमत आहे. आईवडील मात्र आपल्याला कमरेखालीच दिसतात. वरचा भाग चित्रकाराने काढलेलाच नाही! सगळा संसार पायांवर चाललेला, पोरांकडे बघायला डोळे नाहीत. नोकरी करणाऱ्या आम्हा आईबापांना त्यात आपली ओळख पटावी, असेच ते चित्र होते.

मालिका सोवळी नव्हती. तिच्यातला विनोद पुष्कळदा ओंगळ असे, आणि एक भाग तर द्वयर्थी मजकुरामुळे पुढे दाखवणेच बंद झाले. पालक नाके मुरडत, ते अगदीच अकारण नव्हते. पण त्या ओंगळपणाच्या आत जे होते, ते मला महत्त्वाचे वाटते.

त्या पहिल्याच भागात कोंबडा सिगारेटच्या नादी लागतो आणि एक लालभडक सैतान त्याला थेट नरकात नेतो. सोडवायला कोण जाते? तीच भोळी बहीण. ती ‘सुपरकाऊ’ होते, फाडफाड स्पॅनिश बोलते आणि भावाला घेऊन येते. पुढेही हाच क्रम. भाऊ तिची टर उडवणार, तिच्या मायेला वैतागणार. संकट आले की बहीण उडत येणार. तिची शक्ती घराने गृहीत धरलेली.

इथे मला आमचे काउंटर आठवते. वडील गेल्यावर त्यांच्या ठेवीचे पैसे मागायला भावंडे येत. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे घेणारा विश्वस्त, मालक नव्हे, हे मी शेकडो वेळा समजावून सांगितले असेल. भाऊ बोलत, बहिणी मागच्या बाकावर बसत. ‘ताईचं काही म्हणणं नाही हो, तिची सही घेऊन टाकतो,’ असे वाक्य हमखास येई. वडिलांच्या आजारपणात रजा काढून उशाशी बसलेली बहुधा तीच असे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. कायदा झाला, आणि हक्कसोडपत्रावरच्या सह्याही चालूच राहिल्या. कोणी राजीखुशीने सही करीत असेलही. पण पुष्कळजणी माहेर तुटेल या भीतीने करीत, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत असे. नकार दिला की काल भावाला सोडवणारी तीच बहीण आज ‘हावरी’ ठरते.

अशा वेळी दोष बाहेरच्याला देण्याची रीत आहे. वहिनीने कान भरले, जावयाने फितवले, वकिलाने पेटवले. कार्टूनमधला तो लाल सैतानही असाच दर वेळी नवे नाव आणि नवे सोंग घेऊन येतो. पण या मालिकेची एक गोष्ट मला नंतर कळली. गाय, कोंबडा आणि सैतान, तिघांचे आवाज चार्ली अ‍ॅडलर या एकाच कलावंताने दिलेले आहेत. प्रेम करणारी, टर उडवणारा आणि भांडण लावणारा, सगळे एकाच गळ्यातून बोलतात. घरोघरी याहून वेगळे काय असते?

भावंडांचे स्वभाव जुळलेच पाहिजेत असे नाही. कोंबडा आणि गाय कुठे जुळतात? पण न जुळणाऱ्याशीही न्यायाने वागता येते, आणि ते शिकवायचे वय सातआठ वर्षांचेच. पोरे काय पाहतात म्हणून रिमोट काढून घेण्यापेक्षा आईबापांनी कमरेत वाकून त्यांच्या शेजारी बसावे. आणि ज्यांची वये उलटली आहेत, त्यांनी येत्या भाऊबीजेला ओवाळणी घालण्यापूर्वी बहिणीला एवढेच विचारावे, ‘ताई, तुला काय हवं आहे?’ विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबावे मात्र.