घर तापवायचं की माणूस?

डिसेंबर उजाडला की निफाडचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो. पारा ५ अंशांच्या खाली गेला की आम्हा नाशिककरांना उगीचच अभिमान वाटतो, जणू तो आम्हीच खाली ओढला! द्राक्षबागायतदार मात्र बिचारे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागून काढत असतात. असो. आजचा विषय बागेतल्या नव्हे, घरातल्या थंडीचा आहे.

अलीकडे ओळखीच्या बऱ्याच घरांत हीटर दिसू लागला आहे. बाहेरगावची मुलं तो ऑनलाइन मागवतात आणि आईवडिलांच्या खोलीत पोचता करतात. त्यामागची माया मला कळते. तरीही माझं स्पष्ट मत असं की आपल्याकडे घर तापवण्याच्या मागे लागू नये, घरातल्या माणसाला ऊब द्यावी. या दोन गोष्टी एक नाहीत. भाषेनंच तो फरक करून ठेवला आहे. पाणी तापवतात, दूध तापवतात. पण कोंबडी अंडी तापवत नाही, उबवते! त्यासाठी तिला अंड्यांवर बसून राहावं लागतं.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. आपली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. बर्फाळ देशांतली घरं दुहेरी काचांची, फटी बुजवलेली असतात. आत आलेली उष्णता ती धरून ठेवतात. आपल्या सरकत्या खिडक्यांना फटी, दाराखाली फट, स्वयंपाकघरात पंख्याचं भोक. अशा घरात हीटर लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. मी मराठी शिकवणारी बाई, पण एवढं गणित मलाही येतं : २००० वॅटचा हीटर तासभर चालला तर २ युनिट वीज जाते. दोन लिटरच्या रबरी पिशवीसाठी पाणी तापवायला एका युनिटचा साधारण सातवा भाग पुरतो, आणि ती पिशवी पायाशी घेतली की झोप लागेपर्यंत छान सोबत करते. (मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी मात्र पिशवी टॉवेलात गुंडाळून आधी पांघरुणात ठेवावी आणि झोपताना काढून टाकावी. भाजलेलं कळत नाही.)

मग करायचं काय? आधी ऊन घरात घ्यायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरच्या शेवटी नाशिकला भर दुपारीसुद्धा तो जेमतेम ४६-४७ अंश वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं. आणि आपण काय करतो? सोफ्याचा रंग उडेल म्हणून पडदे ओढून घेतो! सकाळी पडदे सारा, अंथरूण-पांघरूण उन्हात टाका आणि दिवस मावळायच्या आत खिडक्या लावून घ्या.

दुसरी गोष्ट जमिनीची. गुळगुळीत फरशी आणि तिच्यावरची सतरंजी यांचं तापमान सारखंच असतं, पण फरशी पायातली उष्णता भराभर ओढून घेते, सतरंजी घेत नाही. शेणानं सारवलेली जमीन पायाला कधी इतकी गार लागायची नाही, ती यामुळेच. तेव्हा बसायच्या जागी आणि पलंगापाशी सतरंजी, पायात मोजे.

तिसरी गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोरा, एवढंच तिचं शास्त्र. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ बरी. आणि एक गोधडी अंगाखालीही हवी, हे हमखास विसरलं जातं.

जेवणाचं वेगळं सांगायला नकोच. बाजरीची गरम भाकरी, लसणाची चटणी, हुलग्याची शेंगोळी, डिंकाचे लाडू. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी करायची पद्धत पाडणाऱ्यांना थंडी चांगलीच ठाऊक होती.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. माजघरात सगळे एकत्र झोपत तेव्हा ऊब होती हे खरं, पण चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे चुरचुरत हेही खरं. हीटरलाही माझा सरसकट विरोध नाही. तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेला माणूस, दम्याचा त्रास असलेला माणूस यांच्यासाठी तो जरूर लावा. वयानुसार थंडी जाणवणंही कमी होतं, म्हणजे अंग गार पडत असतं आणि म्हातारं माणूस म्हणतं, "मला काही थंडी वाजत नाही." अशांच्या खोलीत आंघोळीच्या वेळी आणि निजण्यापूर्वी तासभर हीटर असावा.

पण एका बाबतीत तडजोड नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी येते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. न्हाणीघर बंद असेल तर गॅसच्या गीझरचीही तीच कथा. शेगडी अंगणात शोभते, तिला तिथेच राहू द्या.

आता माझा खरा आक्षेप. हीटर आला की खोलीचं दार बंद होतं. म्हातारी एका खोलीत, मुलगा-सून दुसऱ्या खोलीत, नातू तिसऱ्या खोलीत. तिन्ही खोल्या गरम आणि मधला दिवाणखाना गार पडलेला! त्यापेक्षा संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसावं. स्वयंपाक नुकताच उरकला असेल तर स्वयंपाकघरातच बसावं, घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. चार माणसं एकत्र बसली की खोली आपोआप उबदार होते, वीज एकाच दिव्याची लागते.

आईवडिलांना हीटर पाठवलात, चांगलं केलंत. आता रात्री नऊला एक फोनही करा. मोजे घातलेत का, अंगाखाली गोधडी आहे का, खिडकी लावली का, एवढं विचारा. आणि एकाच घरात राहत असाल तर फोन नको. त्यांच्या खोलीत जा, त्यांच्या पांघरुणात पाय घाला आणि अर्धा तास गप्पा मारत बसा.