घरच्या घरी : चपड्याचे पॉलिश घाईने करू नका



श्रावण लागला की आपल्या अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात घरोघरी गणपतीची आवराआवर सुरू होते. माळ्यावरचा चौरंग खाली येतो आणि घरातले कोणीतरी म्हणते, "यंदा ह्याला पॉलिश करून टाकू." मीही एकदा असेच म्हटले. बाजारातून चपडा आणला, स्पिरिटात भिजवला आणि बाहेर झिमझिम चालू असतानाच आजोबांच्या सागवानी चौरंगाला हात दिले. सकाळी पाहतो तो राख फासल्यासारखा पांढुरका थर! लाल वस्त्र अंथरून वेळ निभावली. पण विसर्जनानंतर ते वस्त्र उचलू लागलो, तर चौरंगाला चिकटलेले. चुका दोन झाल्या होत्या. हवा दमट होती आणि चपडा शिळा होता. तुमच्या हातून त्या होऊ नयेत म्हणून हे सांगतो.

चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून गाळतात. मग त्याचा पातळ पापुद्रा ताणून त्याचे तुकडे करतात, तो चपडा. झारखंड, छत्तीसगड आणि आपल्या विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडे लाख होते. म्हणजे हेही शेतकऱ्याचेच पीक. रांचीजवळ नामकुमला १९२४ सालीच लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली.

घेताना : लागेल तेवढाच घ्या. स्वस्त पडतो म्हणून किलोभर आणून ठेवू नका. आपल्या उष्ण, दमट हवेत चपडा लवकर जुना होतो. तुकडे सुटे आणि कुरकुरीत असावेत. एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेला माल परत करा. फिकट चपड्याने लाकडाचा रंग फारसा बदलत नाही, गडद चपड्याने तांबूस झाक येते.

भिजवताना : पाव लिटर स्पिरिटाला ५० ग्रॅम चपडा, हे प्रमाण घरच्या कामाला पुरते. चपडा कुटून, झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. लोखंडी डबा वापरू नका, रंग काळवंडतो. रॉकेल किंवा टर्पेंटाईन चालत नाही, त्यात चपडा विरघळतच नाही. सकाळी मलमलीच्या फडक्यातून गाळा. द्रव थोडा गढूळ दिसला तर भिऊ नका, लाखेत मुळातच थोडे मेण असते. मात्र रात्रभरानेही तळाशी चिकट गोळा राहिला, तर माल शिळा समजा.

आता मुख्य परीक्षा. काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून दुसऱ्या दिवशी नख लावून पाहा. कडक असेल तर कामाला लागा. नख रुतले तर सगळे टाकून द्या. असे पॉलिश पुढे महिनाभर ठेवले तरी वाळायचे नाही. बरणीवर भिजवल्याची तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर उरलेले वापरू नका.

लावताना : किनाऱ्यावरच्या लाकडावर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पॉलिश कागद मारा. जुन्या सुती कापडात कापसाचा बोळा बांधून पातळ हात द्या. एक हात वाळल्यावरच दुसरा. जाड हात एकदम देण्यापेक्षा पातळ पाच-सहा बरे. बोळा अडू लागला तर गोडेतेलाचा एक थेंब लावा.

पांढुरकी येते ती अशी : स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते. म्हणून भात झोडून झाले, कोरडे दिवस आले की हे काम काढा. सकाळचे दव ओसरल्यावर सुरू करा आणि समुद्राच्या वाऱ्याचा जोर वाढण्यापूर्वी आटपा. पांढुरकी आलीच, तर कोरड्या दिवशी किंचित स्पिरिटाचा बोळा हलकेच फिरवा. बहुधा जाते.

झोपाळा, कपाट, चौरंग, फोटोची चौकट ह्यांना हे पॉलिश शोभते. जेवणाच्या पाटांना आणि अंगणातल्या बाकाला नको. पाण्याने व गरम भांड्याने त्यावर पांढरे डाग पडतात. वाळवीही ह्याने थांबत नाही. गुण असा, की नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. त्यामुळे खरवडल्याशिवाय दुरुस्ती होते.

शेवटी एक कळकळीची विनंती. स्पिरिट चटकन पेटते. चूल, समई, विडी जवळ नको. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. पोटात गेल्यास डोळे जातात, जीवही जातो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

तेव्हा ह्या गणपतीला चौरंग स्वच्छ पुसून, वस्त्र अंथरून तसाच मांडा. देवाची त्याला हरकत नाही. पॉलिशचे दिवाळीनंतर पाहू.