लग्नघर आणि लेकुरवाळी

लग्नपत्रिकेच्या तळाशी घरातील चिमुरड्यांची नावे घालून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ असे आर्जव छापण्याची चाल आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. ही ओळ वाचून कोणाही सहृदय माणसास वाटावे की, ज्या समाजात निमंत्रणाचा मान मुलांकडे आहे, त्या समाजाच्या मांडवात मुलांची केवढी बडदास्त राहत असेल! गेल्या वैशाखात दाभोळास एका लग्नास जाऊन आल्यापासून मात्र माझे असे ठाम मत झाले आहे की, ही ओळ म्हणजे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने छापून वाटलेली एक राजरोस थाप आहे.

लग्न माझ्या सुनेच्या मावसबहिणीचे होते. दोघी एका वयाच्या. लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या दोघींनी दाभोळच्या आजोळी एकाच अंथरुणावर काढलेल्या. बरोबर माझी अडीच वर्षांची नात. आगगाडीत पाच वर्षांखालील मुलास तिकीट पडत नाही, आणि तिकीट नाही म्हणून हक्काचे आसनही नाही. तेव्हा पोर पहाटेपासून खेडपर्यंत आईच्या मांडीवर. पुढे दापोलीवरून दाभोळपर्यंत वळणावळणांचा रस्ता. पोरीला गाडी लागली, दोनदा उलटी झाली. यात कोणाचाच दोष नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने हाच प्रवास याहून अधिक हाल सोसून केला. वाशिष्ठीचे मुख आणि पलीकडचा अंजनवेलचा किनारा दिसला तेव्हा सुनेच्या चेहऱ्यावरचा शीण पार उतरला होता.

खरी कथा दुसऱ्या दिवशीची. मुहूर्त दुपारी पाऊण वाजताचा. त्या वेळी अडीच वर्षांचे मूल एक तर जेवलेले असते, नाही तर निजलेले. आमच्या नातीस दोन्हीही साधले नाही. मुहूर्त लागल्यावाचून पंगत नाही, हा कार्यालयाचा नियम. वाटीभर मऊ भात मागितला तर आचाऱ्याने यजमानाकडे बोट दाखविले आणि यजमानाने घड्याळाकडे. निजवावे म्हटले तर ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने छातीत धडधड व्हावी. शेवटी पहिल्या मंगलाष्टकास पोरीने टाहो फोडला. पुढच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी मान वळवून अत्यंत सौजन्याने विचारले, ‘‘जरा बाहेर घेऊन जाता का?’’ सून उठली. ज्या बहिणीसाठी ती एवढी आली होती, तिच्यापुढचा अंतरपाट दूर झाला तेव्हा ती कार्यालयाच्या मागे, भांडी घासण्याच्या जागेपाशी, सावलीचा एक तुकडा शोधून पोरीला थोपटीत उभी होती. वाजंत्री वाजली त्यावरून लग्न लागल्याचे तिला कळले. आणि मी? मी तिच्यापासून चार खुर्च्यांवर, हातात अक्षता घेऊन, गंभीर मुद्रेने उभा होतो. माझा चिरंजीवही उभा होता. आम्हां दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही की, पोर आपणही बाहेर नेऊ शकतो.

रात्री मी सौभाग्यवतीपाशी सुनेबद्दल हळहळ व्यक्त केली. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मुले लहान होती तोवरची सगळी मंगलाष्टके मीही भिंतीपलीकडूनच ऐकली आहेत.’’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले. कारण त्याच वर्षांत मी दर एप्रिलात अण्णासाहेब कर्व्यांच्या जयंतीनिमित्त स्त्रियांच्या उन्नतीवर भाषणे करीत होतो. अण्णासाहेबांचे मुरूड या दाभोळच्याच तालुक्यातले. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो अन्याय होता. पण तो उघड होता. त्याच्याशी झगडता येत होते, आणि अण्णासाहेब झगडले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. आमचा बहिष्कार ठरावाने होत नाही. तो ‘जरा बाहेर घेऊन जाता का?’ अशा गोड शब्दांत होतो, आणि जिच्यावर होतो ती बिचारी ‘हो, हो’ म्हणून स्वतःच उठते. असल्या बहिष्काराशी झगडणार कोण, आणि कसे?

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. कालपरवापर्यंत ते माझेच होते. पहिला आक्षेप असा की, एवढ्या लहान मुलास न्यावेच कशाला? घरी ठेवावे. पण कोणापाशी? आजी-आजोबा लग्नालाच निघालेले, शेजार बंद दारांचा. मुलास घरी ठेवा याचा व्यवहारातील अर्थ ‘सुनेने घरी राहावे’ एवढाच होतो. शिवाय आप्तेष्ट म्हणजे काय हे मुलास कळावयाचे कोठे? मामा, मावशी, आत्या ही नाती तक्ता पाठ करून येत नाहीत. ती दहा जणांच्या कडेवर फिरूनच येतात.

दुसरा आक्षेप पूर्वजांच्या नावाने येतो. पूर्वी घरोघर पाच-पाच मुले असत, त्यांची लग्ने का अडली? नाही अडली, कारण लग्न घरच्या मांडवात होई. घराला अंधारे, थंड माजघर होते. तेथे एखादी थोरली काकू दहा पोरांना घेऊन पडलेली असे, आणि चुलीवर मऊ भात केव्हाही मिळे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या काकूने तरी किती लग्ने पाहिली, हे कोणी विचारले आहे? परंतु आपण माजघर मोडले, काकूला मुक्त केले, आणि दोघांच्या जागी काहीच आणले नाही. त्या रिकाम्या जागेत आता एकटी आई उभी आहे.

तिसरा आक्षेप गांभीर्याचा: रडण्याने मंगल प्रसंगाचा भंग होतो. हा आक्षेप ऐकून मात्र हसू येते. छायाचित्रकार वधूवरांना पुन्हा एकदा माळ घालावयास लावतो, तेव्हा विधीचा भंग होत नाही. ध्वनिक्षेपकावर चित्रपटाची गाणी वाजतात, तेव्हा होत नाही. पुढच्या रांगेत भ्रमणध्वनी खणखणतो आणि त्यावर मोठ्याने संभाषण चालते, तेव्हाही होत नाही. भंग होतो तो केवळ भुकेल्या पोराच्या रडण्याने! आणि हे सारे ज्या विवाहसंस्कारासाठी, त्याच्या आशीर्वादांत संततीची कामना असते. संतती हवी, पण ती ऐकू येता कामा नये.

आणि हे पोर हट्टाने थोडेच रडत होते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, एक-दोन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी अकरा ते चौदा तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलास दहा ते तेरा तास झोप हवी. जे आजीस आधीच ठाऊक होते तेच शास्त्राने आकड्यांत मांडले. पहाटेच्या गाडीने आणून, भर दुपारी उपाशी ठेवून, कर्ण्यापुढे बसविलेले मूल रडले नाही, तरच वैद्यास बोलवावे.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेस पाळणाघराची सोय ठेवणे बंधनकारक केले. म्हणजे पन्नास माणसांच्या कचेरीत लेकुरवाळीस जे हक्काने मागता येते, ते पाचशे आप्तांच्या लग्नघरात तिला विनवून मिळत नाही. कायद्याने येथे यावे असे मी म्हणत नाही. प्रेमाच्या ठिकाणी कायदा बोलवावा लागणे ही नामुष्की होय. पण करावयाचे ते अवघड थोडेच आहे? वधूपक्षाच्या खोलीइतकीच आवश्यक म्हणून एक शांत, अंधारी खोली राखावी. मुलांची पंगत अकरा वाजता उठवावी. कर्णे आवरावेत. आणि मुख्य म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी मूल रडले, तर ते घेऊन बाहेर जाण्याचा मान बापाचा अथवा आजोबाचा असावा.

परतीच्या वाटेवर चिपळूणची गाडी धरावयाची म्हणून आम्ही दाभोळहून धोपाव्याकडे फेरीबोटीने निघालो. २००३ सालापासून ही बोट माणसांसह मोटारीही पलीकडे नेते. बोटीत पोरीने पुन्हा सूर धरला. एका मासळीवालीने आपली पाटी पायाने बाजूला सारली, ‘‘तू बस गो बाय जरा,’’ एवढेच म्हणून पोर सुनेच्या हातून घेतली आणि कठड्यापाशी तिला पाणी दाखवीत उभी राहिली. तिने कोणास पत्रिका पाठविली नव्हती. धोपावे येईपर्यंत माझी सून दोन दिवसांत पहिल्यांदा रिकाम्या हातांनी बसली होती.

येत्या मार्गशीर्षात आमच्याकडे आणखी एक लग्न आहे. त्या दिवशी अक्षतांच्या वेळी मी पुढच्या रांगेत दिसलो नाही, तर आप्तांनी राग मानू नये. मी कार्यालयाच्या मागे सापडेन.