इथे दाबा

‘डेमो’ या चिमुकल्या शब्दासाठी मराठीत ‘प्रात्यक्षिक’ असा भारदस्त शब्द आहे. परंतु तो उच्चारताच डोळ्यांसमोर उभी राहते ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, नाहीतर शाळेच्या मैदानावरची कवायत. कुकर विकावयास आलेला विक्रेता महिला मंडळात जे करून दाखवी, त्याला आमच्या आईच्या पिढीने ‘डेमो’च म्हटले. वाफ कशी धरते, शिटी केव्हा होते, झाकण केव्हा मुळीच उघडावयाचे नाही, हे तो डाळ-तांदूळ घालून दाखवी आणि शेवटी त्यातलाच घास घास भात सर्वांच्या हातावर ठेवी. त्या भातामुळे बायकांना पटे. संगणकाच्या डेमोत भात मिळत नाही, आणि म्हणूनच ते काम अधिक अवघड आहे.

पडद्यावर चाललेले काम टिपून ठेवावयाचे आणि ते दुसऱ्यास शिकवावयाचे, ही आता एक स्वतंत्र विद्याच झाली आहे. हा विषय माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराच्या सदरात कसा आला, असे वाचक विचारतील. तो भिवंडीमुळे आला.

आमच्या गावात हुन्नर शिकण्याची जुनी रीत एकच: शेजारी उभे राहावयाचे. यंत्रमागावर नवा आलेला पोरगा आधी कांड्या भरतो, धोटा कसा धावतो ते पाहतो, उभा धागा तुटला की जुना कारागीर न बघता गाठ कशी मारतो ते निरखतो, आणि एके दिवशी त्याच्या हाती माग येतो. त्या खटखटाटात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून शिकविणाराही फारसे बोलत नाही. बोट दाखवितो. मी वीस वर्षे फळ्यापुढे उभा आहे, पण इतक्या कमी शब्दांत इतके शिकविणारा गुरू मी आमच्या व्यवसायात पाहिला नाही. या पद्धतीत उणीव असलीच तर एवढीच, की शिकविणारा माणूस तिथे हजर असावा लागतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसलेल्या मुलीजवळ तो नसतो. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या पुष्कळ मुलामुलींच्या घरी कुणी माग चालवितो, कुणी नाशिकच्या महामार्गालगतच्या गोदामांत खोकी बांधतो. घरी संगणक नाही. मोबाईल आहे, तोही बहुधा सगळ्यांत मिळून एक. अर्ज मात्र पडद्यावरच भरावा लागतो. मग ती मुलगी काय करते? यूट्यूबवर जाते आणि कुणीतरी केलेले चलच्चित्र पाहते. त्यात तो सद्गृहस्थ ‘आता इथे जायचे, आता हे करायचे’ असे म्हणत भराभर बाण फिरवीत असतो. ‘इथे’ म्हणजे कुठे, ते त्याला दिसत असते.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने असेच एक चलच्चित्र केले. हेतू चांगला होता, पैसा एक घेतला नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचाच अर्ज त्याने भरता भरता टिपला. ते गिऱ्हाईक म्हणजे आमच्या प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी. तिचे नाव, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, सारे त्या चित्रात आले, आणि ते व्हॉट्सअॅपवरून शेकडो मोबाईलांवर गेले. आठ दिवसांत तिला अनोळखी फोन येऊ लागले. कुणी लघळपणा करी, तर कुणी ‘बँकेतून बोलतो, आलेला ओटीपी सांगा’ म्हणे. घाबरून घरच्यांनी सिमकार्डच काढून फेकले. आता गंमत पाहा (गंमत म्हणावयाची ती आपण, तिला कसली गंमत!): अर्ज पुरा करावयास जो ओटीपी लागतो, तो त्याच क्रमांकावर येणार होता. आधारला नवा क्रमांक जोडावयाचा तर तेव्हा बहुधा केंद्रावर जातीने जावे लागे. पुढे अर्जाची मुदत वाढली म्हणून निभावले. पण मुदत वाढेपर्यंतचे ते दिवस ती वर्गात जशी बसे, ते मी पाहिले आहे.

या प्रकारानंतर आमच्या संगणक विभागातल्या एक तरुण प्राध्यापिका माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “सर, आपण आपला स्वतःचा डेमो करू. नुसता बघायचा नाही, करून बघायचा. मी चित्रं टिपते, शब्द तुम्ही लिहा.”

“मॅडम, मला त्यातलं काही कळत नाही.”

“म्हणूनच तुम्ही हवे आहात.”

हे मी प्रशंसा म्हणून घ्यावे की कसे, ते माझे मलाच ठरवावे लागले. त्यांनी मग मला जे समजावून दिले, ते इथे सांगतो. कारण घरोघरी आता कुणी ना कुणी सासऱ्यांना वीजबिल भरणे, नाहीतर मावशींना तिकीट काढणे शिकवीत आहे.

चलच्चित्र म्हणजे एका सेकंदात पंचवीस-तीस छायाचित्रे. ते ज्या गतीने केले त्याच गतीने पुढे जाते, आणि संकेतस्थळावरचे एक बटण जरी इकडचे तिकडे झाले तरी पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. करून पाहण्याचा डेमो वेगळा. त्यात एकेका पायरीचे एकेक पान असते. ज्या जागी दाबावयाचे ती जागा जिवंत असते. तिथे दाबल्याशिवाय पुढचे पान येत नाही. चुकीच्या जागी दाबले तर काही बिघडत नाही, कारण ते खरे संकेतस्थळच नव्हे. मुलीने तिथे दहादा चुकावे आणि मग खऱ्या अर्जाकडे जावे.

आता टिपावयाचे कसे, तर जागा बदलली की रीत बदलते. ब्राउझरमध्ये उघडलेले पान हे मुळात चित्र नसतेच. ते अक्षरांनी लिहिलेले असते, कोणता मजकूर कुठे व किती मोठा बसवावयाचा याच्या सूचनांसह. ती लिहिलेली रचनाच्या रचनाच उतरून घेता येते. तशी ती घेतली की मागाहून नाव बदला, आकडा बदला, पान अगदी खरेच दिसते. संगणकावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या आज्ञावलीचे तसे नाही. ती आपली खिडकी स्वतः रंगविते. मग प्रत्येक दाबण्याच्या क्षणी खिडकीचे छायाचित्र घ्यावयाचे आणि बाण कुठे होता त्याची नोंद ठेवावयाची. त्या चित्रातले नाव बदलणे म्हणजे फोटोवर ब्रश चालविणे आले.

आणि मोबाईल? तिथे तर बाणच नाही. बोट आहे, आणि बोट पडद्याच्या आत नसते, म्हणून टिपलेल्या चित्रात ते दिसतच नाही. पाने आपोआप उलटत आहेत, घरात भूत शिरले आहे, असे वाटते. आयफोनमध्ये पडदा टिपण्याची सोय 2017 पासून आणि अँड्रॉइडमध्ये मूळचीच म्हणून 2020 पासून आली. अँड्रॉइडच्या आतल्या एका कप्प्यात स्पर्शाच्या जागी ठिपका दाखविण्याची सोय आहे, ती चालू करावी लागते. शिवाय लिहावयास गेले की कळफलक अर्धा पडदा व्यापतो आणि ज्या रकान्यात लिहावयाचे तोच झाकतो. पैशांचे व्यवहार करणारी पुष्कळ ॲपे तर टिपूच देत नाहीत; चित्रात नुसता काळा चौकोन येतो. मला हे शहाणपणाचे वाटले.

खरी मेख पुढेच होती. तेच संकेतस्थळ संगणकावर उघडले तर डाव्या बाजूला सगळी यादी उभी दिसते. मोबाईलवर उघडले तर ती यादी कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे दडलेली. दुकानदाराचे चलच्चित्र संगणकावरचे, पाहणारी मुलगी मोबाईलवरची. ‘डावीकडे बघा’ म्हटले तर तिच्या डावीकडे काही नाहीच! म्हणून आम्ही डेमो दोन केले. काम दुप्पट झाले, पण दुसरा इलाज नव्हता.

ज्या नमुन्याच्या विद्यार्थिनीचा अर्ज आम्ही भरला, ती जन्मलीच नाही. तिचे नाव आम्ही रचले. आधार क्रमांकासाठी मॅडमनी एक सुरेख युक्ती केली. आधारचे बारा आकडे कधीही शून्याने किंवा एकाने सुरू होत नाहीत. म्हणून आमच्या नमुन्याचा क्रमांक शून्याने सुरू होतो. खऱ्या संकेतस्थळाने तो तत्काळ फेटाळला असता. आमच्या पानांना त्याचे सुखदुःख नाही, आणि जगात तो कुणाचाही नाही.

या साऱ्या खटाटोपात एक थोर उदाहरण हाताशी होते, आणि तेही फार दूरचे नव्हे. पवईच्या आय.आय.टी.त प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम उभा राहिला. मुक्त आज्ञावली शिकविणारे, सुमारे दहा दहा मिनिटांचे धडे. पडदा टिपलेला आणि त्यावर बोललेला आवाज. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चित्र एकदाच टिपावयाचे आणि आवाज मात्र मराठी, तमिळ, गुजराती अशा अनेक भाषांतून चढवावयाचा. कोणते वाक्य कितव्या सेकंदाला संपले पाहिजे याचा तक्ता असतो. मराठी वाक्य लांबले तर ते छाटावे लागते. विद्यार्थ्याने पडद्याचे दोन भाग करावयाचे, एकात धडा चालू ठेवावयाचा आणि दुसऱ्यात तेच स्वतः करावयाचे. म्हणजे पुन्हा शेजारी उभे राहणेच की! धड्याची संहिता तिथे आधी एखाद्या अगदी नवख्या माणसाकडून करवून पाहतात. तो अडखळला, तर संहिता बदलावयाची. आमच्याकडे ही नवख्याची जागा मी भूषविली.

पडद्याच्या अशा टिपणाला ‘स्क्रीनकास्ट’ हे नाव मिळाले ते 2004 साली. जॉन उडेल या अमेरिकन लेखकाने आपल्या वाचकांकडे नाव मागितले आणि वाचकांनी ते सुचविले. मराठीतही एखाद्या साप्ताहिकाने असे करून पाहावे. शासनाच्या समितीपेक्षा वाचक बरे शब्द काढतील, असे माझे मत आहे.

कारण शब्दांवरच आमचे घोडे अडले. ‘क्लिक करा’ असे लिहावे, तर मोबाईलवर क्लिक होत नाही. मी मोठ्या अभिमानाने ‘टिचकी मारा’ लिहिले. पाच विद्यार्थ्यांना बसवून पाहिले. एकाने खरोखरच अंगठ्यावर बोट ताणून काचेवर टिचकी मारली. बाकीचे पोट धरून हसले. ‘स्पर्श करा’ म्हटले तर कविता वाटते. शेवटी ‘दाबा’ आले. ते लिफ्टमध्ये आहे, दिव्याच्या बटणावर आहे, आणि ज्यांच्या घरी उर्दू, हिंदी वा तेलुगू बोलतात त्या मुलांनाही शिकवावे लागत नाही. ‘दाबून धरा’, ‘वर सरकवा’, ‘मागे या’ एवढ्या चार-पाच क्रियापदांत आमचे सारे व्याकरण संपले. ‘प्रविष्ट करा’, ‘सादर करा’ हे शब्द मात्र तसेच ठेवावे लागले, कारण खऱ्या पानावर तेच छापलेले आहेत. विद्यार्थिनीला ते ओळखता आले पाहिजेत. माझ्या मते ते बदलावयाचे काम संकेतस्थळ करणाऱ्यांचे आहे, आणि तसे मी त्यांना लिहिलेही आहे.

गेल्या वर्षी ती विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला होती. तिने मोबाईलवरचा डेमो दोनदा केला आणि मग अर्ज स्वतः भरला. शेजारच्या दोघींचाही भरून दिला. यंदा संकेतस्थळाचे पहिले पान बदलले. मॅडमनी तेवढे एकच पान नव्याने टिपले, बाकीची तशीच राहिली.

आता तिसरी आवृत्ती चालू आहे, ती तेलुगूत. पद्मानगरात राहणारा आमचा एक विद्यार्थी तिला आवाज देत आहे. त्याच्या घराला लागूनच कारखाना, त्यामुळे मायक्रोफोनमध्ये मागच अधिक बोलतात. यावर त्याने स्वतःच तोड काढली आहे. वीज गेली की माग थांबतात आणि लॅपटॉपची बॅटरी चालू असते. तेवढ्या वेळात तो दोन-तीन पाने उरकून घेतो. चौदा झाली आहेत, नऊ राहिली आहेत.